पूर्वनियोजन आणि देवाच्या कुटुंबातील दत्तकपण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पूर्वनियोजनावर बहुधा वादविवाद होतात आणि दत्तकपणावर सांत्वनपर प्रवचने होतात. त्यामुळे हे दोन विषय एकमेकांपासून दूर राहतात. प्रेषित पौलाने मात्र इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात दोन्ही एकाच वाक्यात मांडले आहेत : देवाने आपल्याला येशू ख्रिस्ताच्या द्वारे दत्तक घेण्यासाठी प्रेमाने पूर्वीच नेमले. पुढील उत्तरे याच वाक्याला धरून लिहिली आहेत. कशासाठी नेमले हे बाजूला ठेवून केवळ कोणाला नेमले आणि कोणाला नाही याचाच शोध घेऊ लागले की ही शिकवण भयावह होते, असे आमचे ठाम मत आहे.

पूर्वनियोजन म्हणजे नेमके काय?

जगाच्या स्थापनेपूर्वीच देवाने, कोणाच्याही योग्यतेकडे न पाहता, स्वतःच्या प्रेमाने व इच्छेने माणसांना ख्रिस्तामध्ये तारणासाठी निवडले आणि त्या निवडीला एक निश्चित ध्येय दिले, या शिकवणीला पूर्वनियोजन म्हणतात.

'पूर्वीच नेमणे' या अर्थाचे मूळ ग्रीक क्रियापद नव्या करारात केवळ ६ वेळा येते. त्यांपैकी एकदा ते ख्रिस्ताच्या वधस्तंभाविषयी येते (प्रेषितांची कृत्ये ४:२८), एकदा देवाच्या गुप्त ज्ञानाविषयी (१ करिंथ २:७), आणि उरलेल्या चार वेळा माणसांविषयी (रोम ८:२९, ८:३०, इफिस १:५, १:११). या चार ठिकाणी पौल काय सांगतो ते लक्षपूर्वक पाहावे. रोमकरांस पत्रात तो म्हणतो की देवाने त्यांना आपल्या पुत्राच्या प्रतिरूपाचे व्हावे म्हणून नेमले, जेणेकरून तो पुत्र पुष्कळ बंधूंमध्ये ज्येष्ठ व्हावा. आणि ज्यांना नेमले त्यांना बोलावले, नीतिमान ठरवले व गौरवही दिले. इफिसकरांस पत्रात एकदा दत्तकपणाचा उल्लेख आहे आणि एकदा वतनाचा. पुत्र, ज्येष्ठ बंधू, दत्तक, वतन ही सगळी घरातली भाषा आहे.

सर्वच माणसे देवाची लेकरे नाहीत का? मग दत्तक घेण्याची गरज कुठे उरते?

निर्मितीच्या दृष्टीने सर्व माणसे देवाची आहेत, आणि अथेन्समध्ये बोलताना पौलाने 'आपण देवाचे वंशज आहोत' हे ग्रीक कवीचे वचन मान्य करून वापरले (प्रेषितांची कृत्ये १७:२८). मात्र पापामुळे माणूस त्या नात्यापासून दुरावला आहे, आणि ते नाते तो स्वतःच्या बळावर पुन्हा जोडू शकत नाही, ही पवित्र शास्त्राची शिकवण आहे. म्हणूनच योहानाच्या शुभवर्तमानात असे म्हटले आहे की ज्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला, त्याच्या नावावर विश्वास ठेवला, त्यांना त्याने देवाची मुले होण्याचा अधिकार दिला (१:१२). जो अधिकार दिला जातो तो जन्माने आधीच हाती नसतो.

पौलाने दत्तकपणाचीच प्रतिमा का निवडली?

याची दोन मुळे आहेत, आणि दोन्ही समजून घेतल्याशिवाय या शिकवणीचा अर्थ पुरता उलगडत नाही.

पहिले मूळ इस्राएलाच्या इतिहासात आहे. मिसर देशातून लोकांना सोडवताना देव फारोला सांगतो, 'इस्राएल माझा पुत्र, माझा ज्येष्ठ पुत्र आहे' (निर्गम ४:२२). अनुवाद ७:७-८ मध्ये स्पष्ट केले आहे की हे राष्ट्र संख्येने मोठे होते म्हणून देवाने त्याला निवडले नाही. ते तर सर्वांत लहान होते. देवाचे त्यांच्यावर प्रेम होते आणि पूर्वजांना दिलेली शपथ तो पाळत होता, एवढेच कारण तेथे दिले आहे. पौल रोम ९:४ मध्ये इस्राएलाला मिळालेल्या देणग्यांची यादी देतो, तेव्हा दत्तकपणाचे नाव सर्वांत आधी घेतो.

दुसरे मूळ रोमी जगातले आहे. तेथे दत्तक घेतला जाणारा माणूस बहुधा प्रौढ पुरुष असे, आणि दत्तविधानाचा हेतू कुळाचे नाव, कुळधर्म आणि मालमत्ता पुढे नेणे हा असे. दत्तक गेलेला माणूस आधीच्या पित्याच्या अधिकारातून बाहेर पडून नव्या पित्याच्या अधिकाराखाली येई, त्याचे नाव धारण करी आणि पोटच्या मुलाप्रमाणे वारस होई. सत्तेचा वारसाही याच मार्गाने चालत असे. ज्युलिअस सीझरने इसवी सनपूर्व ४४ मध्ये उघडल्या गेलेल्या मृत्युपत्राद्वारे ऑक्टेव्हियनला दत्तक घेतले. तोच पुढे ऑगस्टस झाला. ऑगस्टसने इ. स. ४ मध्ये टायबेरियसला, आणि क्लॉडियसने इ. स. ५० मध्ये नीरोला दत्तक घेतले. पौलाने रोमकरांस पत्र लिहिले ते साधारण इ. स. ५७ च्या सुमारास, म्हणजे नीरोच्याच कारकिर्दीत. पत्र ऐकणाऱ्यांच्या शहरात राज्य करणारा माणूस दत्तकपुत्रच होता. दत्तकपणाने काय मिळू शकते हे त्यांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

तरीही पौलाची शिकवण रोमी प्रथेहून मूलतः वेगळी आहे, आणि हा फरकच आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. रोमी श्रीमंत वारस नसल्यामुळे, किंवा राजकीय सोयीसाठी दत्तक घेत. देवाला पुत्र नव्हता असे नाही. त्याच्या अनंतकाळच्या प्रिय पुत्रामुळे त्याच्या घरात कशाचीही उणीव नव्हती. कसलीही गरज नसताना केवळ प्रेमापोटी घेतलेला हा दत्तक आहे. शिवाय क्लॉडियसला ब्रिटानिकस नावाचा सख्खा मुलगा असूनही नीरो पुढे आला आणि ब्रिटानिकस इ. स. ५५ मध्ये संशयास्पद रीतीने मरण पावला. राजवाड्यात दत्तक मुलगा आणि सख्खा मुलगा एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. येथे मात्र सख्खा पुत्र स्वतःच आपले जीवन देऊन दत्तक भावंडांना घरात आणतो, आणि त्यांना बंधू म्हणण्याची त्याला लाज वाटत नाही (इब्री २:११).

मग ख्रिस्ताचे पुत्रत्व आणि आपले पुत्रत्व सारखेच आहे का?

नाही. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावलीत ३३ वा प्रश्न नेमका हाच आहे, आणि त्याचे उत्तर असे की ख्रिस्त हा एकटाच देवाचा स्वभावतः व अनंतकाळचा पुत्र आहे, तर आपण त्याच्यामुळे, कृपेने दत्तक घेतलेली मुले आहोत. असे असले तरी गेथशेमाने बागेत येशूने जी हाक मारली तीच 'अब्बा, बापा' ही हाक पवित्र आत्मा आपल्या मुखी देतो (मार्क १४:३६, रोम ८:१५), हे विसरता कामा नये.

कोण विश्वास ठेवेल हे देवाने आधीच पाहिले आणि म्हणून त्यांना निवडले, असे म्हणणे बरोबर आहे का?

या प्रश्नावर श्रद्धावान ख्रिस्ती लोकांमध्ये शतकानुशतके मतभेद आहेत. रोम ८:२९ मध्ये पूर्वनियोजनाच्या आधी पूर्वज्ञानाचा उल्लेख येतो. नेदरलँड्समधील धर्मपंडित याकोबस आर्मिनियस आणि त्याच्या परंपरेतील लोक यावरून असे मानतात की देवाने माणसाचा भावी विश्वास जाणला आणि त्यानुसार निवड केली. उलट सोळाव्या शतकातील धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन याच्या परंपरेतील लोक म्हणतात की पवित्र शास्त्रात देवाचे 'ओळखणे' ही निव्वळ माहिती नसते, तर ते प्रेमाने जवळ करणे असते. आमोस ३:२ मध्ये देव इस्राएलाला 'पृथ्वीवरील सर्व कुळांपैकी तुम्हांलाच मी ओळखले आहे' असे म्हणतो, तेव्हा इतर राष्ट्रांची त्याला माहिती नव्हती असा अर्थ होत नाही.

आम्हांला दुसरे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते, कारण याकोब आणि एसाव या जुळ्या भावांविषयी, ज्यांच्यापैकी देवाने याकोबाला निवडले, बोलताना पौल मुद्दाम सांगतो की ते जन्मलेही नव्हते आणि त्यांनी बरे-वाईट काहीच केले नव्हते (रोम ९:११). तथापि, पहिले मत मानणारेही तारण कर्मांनी मिळते असे म्हणत नाहीत, आणि त्यांच्यावर तसा आरोप करणे अन्यायाचे आहे.

देवाने काही लोकांना नाशासाठीच नेमले आहे का?

हा या विषयातील सर्वांत जड प्रश्न आहे. कॅल्व्हिनने याचे उत्तर होकारार्थी दिले. पण देवाचा हा ठराव भीषण आहे हे त्यानेही उघडपणे मान्य केले होते. त्याच्या कित्येक शतके आधी, इ. स. ५२९ मध्ये आजच्या फ्रान्समधील ऑरेंज या गावी भरलेल्या धर्मपरिषदेने माणसाचे तारण आरंभापासूनच कृपेने होते हे ठासून सांगितले आणि त्याच वेळी देवाने कोणालाही वाइटासाठी नेमले आहे हे मत धिक्कारले. ल्यूथरन मंडळ्यांनीही १५७७ च्या आपल्या विश्वासपत्रात, निवड आहे ती तारणासाठी, नाशाचे मूळ देवाच्या निवडीत नसून माणसाच्या पापात आहे, अशी भूमिका घेतली.

रोम ९:२२-२३ या वचनांचे बारकाईने वाचन केल्यास पौलाने दोन्ही बाजू सारख्या मांडलेल्या नाहीत असे दिसते. कुंभार आणि त्याने मातीपासून घडवलेली पात्रे, म्हणजे भांडी, असे माणसांविषयीचे उदाहरण तो तेथे देतो. दयेची पात्रे देवाने 'गौरवासाठी पूर्वी सिद्ध केली', असे तो स्पष्ट म्हणतो. क्रोधाची पात्रे 'नाशासाठी सिद्ध झालेली' आहेत एवढेच तो लिहितो. ती कोणी सिद्ध केली हे सांगत नाही, आणि देवाने ती 'मोठ्या सहनशीलतेने वागवून घेतली' असे मात्र आवर्जून नमूद करतो. यहेज्केल ३३:११ मध्ये देव शपथपूर्वक सांगतो की दुर्जनाच्या मरणात त्याला संतोष नाही. आणि सर्वांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा असल्याचे १ तीमथ्य २:४ मध्ये म्हटले आहे. या वचनांना बगल देऊन उभा केलेला कोणताही सिद्धान्त, तो तर्काने कितीही चोख असला तरी, आम्ही स्वीकारू शकत नाही. जे वाचतात ते केवळ कृपेने वाचतात, आणि जे नाश पावतात ते स्वतःच्या पापामुळे पावतात. ही दोन्ही विधाने धरून ठेवावीत. ती एका सूत्रात बसवण्याचा अट्टाहास पवित्र शास्त्र करत नाही.

सगळे आधीच ठरले असेल तर माणसाच्या निर्णयाला काय अर्थ राहिला?

याचे उत्तम उत्तर एखाद्या युक्तिवादापेक्षा एका समुद्रप्रवासात सापडते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ मध्ये पौल कैदी म्हणून रोमला जात असताना तारू वादळात सापडते. तारवावर २७६ माणसे आहेत. देवाचा दूत पौलाला आश्वासन देतो की कोणाच्याही जिवाची हानी होणार नाही, आणि पौल ते सर्वांना सांगतो. थोड्या वेळाने खलाशी लहान होडीतून गुपचूप पळून जाऊ लागतात, तेव्हा हाच पौल शताधिपतीला बजावतो की हे लोक तारवावर राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. सैनिक होडीचे दोर कापतात. शेवटी सगळे सुखरूप किनाऱ्याला लागतात, आणि देवाचे वचन पूर्ण होते ते कापलेल्या दोरांच्या, फेकून दिलेल्या धान्याच्या आणि पोहत गेलेल्या माणसांच्या द्वारे.

देवाने शेवट ठरवला म्हणजे मधले उपाय निरर्थक झाले असे पौलाला वाटलेच नाही. फिलिप्पै २:१२-१३ मध्येही तो हेच सांगतो : भीत व कापत आपले तारण साधून घ्या, कारण इच्छा करणे आणि कृती करणे हे तुमच्या ठायी देवच साधत असतो. आपल्याला 'परंतु' हा शब्द जेथे अपेक्षित असतो, तेथे पौलाने 'कारण' लिहिले आहे.

ही शिकवण आणि दैव किंवा नशीब यांत काय फरक आहे?

दैव आंधळे असते. ते कोणाचे नाव जाणत नाही आणि कोणाची प्रार्थना ऐकत नाही. पूर्वनियोजनामागे एक पिता आहे, ज्याने आपला पुत्र दिला.

वेगवेगळ्या मंडळ्यांनी याविषयी काय भूमिका घेतल्या आहेत?

माणूस आपल्या इच्छाशक्तीने देवाच्या आज्ञा पाळू शकतो असे शिकवणाऱ्या पेलागियसशी वाद करताना उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन यांनी या शिकवणीला पहिली सविस्तर मांडणी दिली. इ. स. ४१८ च्या कार्थेज परिषदेने पेलागियसची मते फेटाळली, आणि ४३० मध्ये झालेल्या मृत्यूपूर्वीच्या शेवटच्या वर्षांत ऑगस्टीन याच विषयावर लिहीत होते. पश्चिमेकडील पुढचा सगळा वाद त्यांच्याच लेखनावर उभा आहे. नवव्या शतकात गॉटशाल्क या मठवाशाने नाशासाठीही नेमणूक असते असे शिकवले, आणि ८४८ व ८४९ मध्ये धर्मसभांनी त्याला दोषी ठरवले.

धर्मसुधारणेच्या काळात ल्यूथरने १५२५ मध्ये, मुक्त इच्छाशक्तीची बाजू मांडणाऱ्या एरास्मस या विद्वानाला उत्तर देताना माणसाची इच्छाशक्ती पापाच्या दास्यात आहे असे प्रतिपादन केले. कॅल्व्हिनविषयी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही : आपल्या प्रमुख ग्रंथाच्या १५५९ च्या अखेरच्या आवृत्तीत त्याने पूर्वनियोजनाचा विषय देवाविषयीच्या आरंभीच्या भागात न ठेवता विश्वास, ख्रिस्ती जीवन आणि प्रार्थना यांच्यानंतर ठेवला. कृपा अनुभवलेल्या माणसाने मागे वळून पाहताना उमजणारी ही गोष्ट आहे, असे त्या रचनेवरून आम्हांला वाटते. आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये आपले आक्षेप पाच कलमांत मांडले, आणि १६१८-१९ मधील डॉर्टच्या धर्मसभेने त्यांना उत्तर दिले. आज 'कॅल्व्हिनवादाची पाच तत्त्वे' म्हणून जी ओळखली जातात, त्यांचा उगम या उत्तरात आहे. अठराव्या शतकात जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड हे दोघे सुवार्तिक मित्र याच मुद्द्यावर एकमेकांपासून दुरावले, पण त्यांच्यातील आदर टिकला आणि व्हाइटफील्डच्या मृत्यूनंतर १७७० मध्ये वेस्लीने त्याच्या स्मरणार्थ प्रवचन केले.

रोमन कॅथलिक मंडळी पूर्वनियोजन मानते, परंतु कृपेला माणसाचा मुक्त प्रतिसाद त्यात समाविष्ट आहे असे शिकवते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी १६७२ च्या यरुशलेम धर्मसभेत कॅल्व्हिनची मांडणी नाकारली. विसाव्या शतकात स्विस धर्मपंडित कार्ल बार्थ यांनी निवडणारा देव आणि निवडलेला माणूस हे दोन्ही येशू ख्रिस्तच आहे असे सांगून चर्चेला नवे वळण दिले. त्यांचे सर्व निष्कर्ष मान्य नसले, तरी निवडीचा विचार ख्रिस्ताला सोडून करता येत नाही हे त्यांचे म्हणणे इफिसकरांस पत्राच्या अगदी जवळचे आहे.

मी निवडला गेलो आहे हे मला कसे कळेल?

हा प्रश्न विचारणारा माणूस अनेकदा भ्यालेला असतो, म्हणून आधी हे स्पष्ट सांगतो की देवाच्या गुप्त संकल्पात डोकावून स्वतःचे नाव शोधण्याची आज्ञा कोणालाही दिलेली नाही. 'गुप्त गोष्टी परमेश्वराच्या स्वाधीन आहेत, प्रकट केलेल्या गोष्टी आपल्या आहेत' असे अनुवाद २९:२९ मध्ये सांगितले आहे, आणि प्रकट झालेली गोष्ट ही की जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवून देणार नाही, असे येशूने म्हटले (योहान ६:३७). कॅल्व्हिननेही आपली निवड ख्रिस्तरूपी आरशातच पाहावी, स्वतःमध्ये शोधू नये, असा सल्ला दिला होता.

त्यानंतर रोम ८:१५-१६ कडे वळावे. पवित्र आत्मा आपल्या आत्म्याबरोबर साक्ष देतो की आपण देवाची मुले आहोत. ही साक्ष प्रत्येक वेळी तीव्र भावनेच्या रूपात येत नाही. संकटात देवाकडे धाव घेणे, पापाचे दुःख होणे, बंधुभगिनींवर प्रेम करावेसे वाटणे, पडल्यावर पुन्हा त्याच दारी परतणे, ही लेकराची लक्षणे आहेत. आपण निवडलेले नसू या भीतीने ज्याची झोप उडाली आहे, त्याला देवापासून दूर राहवत नाही हीच गोष्ट त्याने दुर्लक्षित करू नये.

निवड आधीच झाली असेल तर सुवार्ता का सांगायची?

करिंथमध्ये पौल भ्याला होता, तेव्हा प्रभूने त्याला सांगितले की बोलत राहा, कारण या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत (प्रेषितांची कृत्ये १८:९-१०). पौल तेथे दीड वर्ष राहून शिकवत राहिला. देवाची निवड हे त्याला गप्प बसण्याचे कारण वाटले नाही, तर टिकून राहण्याचे बळ वाटले.

नीतिमान ठरवले जाणे आणि दत्तक घेतले जाणे यांत फरक आहे का?

आहे, जरी दोन्ही एकाच विश्वासाने मिळतात. नीतिमान ठरवताना देव न्यायाधीश म्हणून आपल्याला निर्दोष घोषित करतो. दत्तक घेताना तोच पिता म्हणून आपल्याला घरी नेतो. न्यायाधीशाने निर्दोष सोडलेल्या माणसाला आपल्या पंक्तीला बसवलेच पाहिजे असे नाही, म्हणून दत्तकपण ही कृपेची अधिक जवळची देणगी आहे. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात दत्तकपणासाठी स्वतंत्र, १२ वा अध्याय आहे. तो जेमतेम एका परिच्छेदाचा आहे, पण देवाचे नाव, कृपासनाजवळ धैर्याने येण्याचा हक्क, संरक्षण, शिस्त आणि वारसा हे सारे त्यात आले आहे.

देवाची लेकरे असूनही आपल्यावर दुःखे का येतात?

रोमकरांस पत्रात दत्तकपण दोनदा वेगळ्या काळात दिसते : ८:१५ मध्ये दत्तकपणाचा आत्मा मिळालेला आहे, आणि ८:२३ मध्ये आपण दत्तकपणाची, म्हणजे शरीराच्या मुक्तीची, कण्हत वाट पाहत आहोत. नाते आज पूर्ण आहे, वतनाचा पूर्ण ताबा अजून मिळायचा आहे. शिवाय वारसा ख्रिस्ताबरोबरचा आहे, आणि त्याच्याबरोबरचे दुःख सोसणे त्यात येते (८:१७). प्रत्येक दुःख ही शिक्षा असते असे मात्र कोणी सांगू नये. इब्री १२ मध्ये पित्याच्या शिस्तीविषयी जे म्हटले आहे, ते छळ सोसणाऱ्या विश्वासणाऱ्यांना धीर देण्यासाठी लिहिले होते.

'पुत्र' या शब्दात स्त्रियांचा समावेश होतो का?

निश्चितच होतो. रोमी जगात वारसाचे पूर्ण स्थान मुख्यतः पुत्राला मिळत असे, आणि पौल तेच स्थान सर्वांना देतो. ख्रिस्तामध्ये पुरुष व स्त्री असा भेद नाही (गलती ३:२६-२९). २ करिंथ ६:१८ मध्ये पुत्र आणि कन्या असा स्पष्ट उल्लेख आहे.

ज्यांना आपल्या वडिलांकडून केवळ दुखापतच झाली, त्यांनी देवाला पिता कसे म्हणावे?

अशा व्यक्तीवर हा शब्द घाईने लादू नये. आपल्या वडिलांवरून देवाचा अंदाज बांधायचा नाही, हे समजायला वेळ लागतो, आणि मंडळीने तो वेळ दिला पाहिजे. देवाचे पितृत्व कसे आहे हे येशूकडे पाहून कळते, कारण ज्याने मला पाहिले त्याने पित्याला पाहिले, असे तोच म्हणतो (योहान १४:९). दत्तकपणाची शिकवण येथे विशेष उपयोगी पडते : ज्या घरात जन्म झाला तेच घर अखेरचे नसते, आणि नवा पिता स्वतःच्या इच्छेने, पूर्ण जाणीवपूर्वक आपल्याला निवडतो.

या विषयाचे वाचन कोठून सुरू करावे?

प्रथम इफिस १:३-१४ हा उतारा एका बैठकीत वाचावा. मूळ ग्रीकमध्ये ते एकच प्रदीर्घ वाक्य आहे, आणि ते वादाच्या नव्हे तर स्तुतीच्या सुरात लिहिलेले आहे. त्यानंतर गलती ३:२६ ते ४:७, आणि मग संपूर्ण रोम ८ वाचावे. रोम ९ कडे त्यानंतरच वळावे, आणि तेथे थांबू नये. अनेक वाचक कुंभार आणि मातीच्या उदाहरणाशीच अडकून पडतात, पण पौलाचे विवेचन ११ व्या अध्यायाच्या शेवटापर्यंत चालते, आणि तेथे तो सांगतो की देवाने सर्वांवर दया करावी म्हणून सर्वांना आज्ञाभंगात कोंडून ठेवले आहे (११:३२). ९, १० आणि ११ हे तिन्ही अध्याय सलग, शक्यतो मोठ्याने आणि कोणाबरोबर तरी वाचावेत.